पडद्यावरचा पेशंट आपल्याकडचा वाटू द्या, साहेब

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

साहेब, मी मेडिकल कॉलेजात शिकवते. 2019 पासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ आलं, म्हणजे पेशंटशी बोलायचं कसं हेही आता शिकवायचं, हे चांगलंच झालं. पण बॅचमध्ये 150 पोरं, कुठे 200, एवढ्यांच्या सरावाला माणसं आणायची कुठून, म्हणून कंपन्या कॉम्प्युटरवरचे व्हर्च्युअल पेशंट दाखवायला येतायत. माझा विरोध नाही हां, खऱ्या पेशंटपुढे तोंडघशी पडण्यापेक्षा इथे पडलेलं बरं.

पण मी बघितलेल्या डेमोत पडद्यावरची बाई झकास, साडी, टिकली, पापण्यासुद्धा हलतायत, आणि पोराने काय होतंय विचारल्यावर म्हणते, "मला तीन दिवसांपासून छातीत वेदना होत असून त्या डाव्या हातात पसरत आहेत." अहो, असं ओपीडीत कोण बोलतं? "कसंतरीच होतंय हो, जीव घाबराघुबरा होतोय" एवढं म्हणून ती थांबणार आणि पुढचं सगळं सासू सांगणार. अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेली बाई आधी कंबरच दुखते म्हणते. पोराने घाई केली तर तिने कंबरेच्या गोळ्या घेऊन निघून जायला पाहिजे, आणि सासूला बाहेर बसवून, आवाज खाली आणून विचारलं तरच खरं सांगायला पाहिजे. कॅरेक्टर लिहायचं म्हणजे हे लिहायचं, काय लपवायचं, कशाने चिडायचं, कधी विश्वास टाकायचा. पापण्या नंतर बघू.

1963 मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने विद्यार्थ्यांसाठी एका धडधाकट बाईला पेशंटचं सोंग शिकवलं ना, तिथे तर कॉम्प्युटर नव्हताच, सगळी मजा त्या बाईच्या वागण्यात.

तर विनंती एवढीच की खरेदी करणार असाल तर टेंडरमध्येच लिहा, इंग्रजी स्क्रिप्टचं भाषांतर चालणार नाही. संवाद इथल्या सिस्टर, आशाताई, समाजसेवा अधीक्षक यांच्यासोबत बसून लिहायचे, आणि गडचिरोलीचा पेशंट सिंधुदुर्गच्या पेशंटसारखा बोलता कामा नये. "तुला काय कळतं, मोठ्या डॉक्टरला बोलाव" म्हणणारा नातेवाईकही त्यात हवाच, इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात तो भेटतो.

आणि निवड समितीत सगळे डीन न घेता कॅज्युअल्टीतली एक जुनी सिस्टर घ्या, दहा मिनिटं तिला त्या पेशंटशी बोलू द्या, ती हसली तर बिल पास करू नका.

आपली नम्र,
कम्युनिटी मेडिसिनची एक शिक्षिका