गनरच्या आकड्यांमागची माणसं

संपादक साहेब, नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांवर लिहिताना "इतकी शत्रूची विमानं पाडली" असे आकडे सरळ छापले जातात, त्याबद्दल थोडं लिहायचंय.

१७ ऑगस्ट १९४३ चा जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट-रेगन्सबुर्ग या शहरांवरचा हल्ला बघा. अमेरिकेची ३७६ बी-१७ बॉम्बर विमानं निघाली, ६० परत आलीच नाहीत, आणि परतलेल्या गनर लोकांचा (विमानातून मशिनगन चालवणाऱ्यांचा) दावा होता २८८ जर्मन फायटर, म्हणजे लढाऊ विमानं, पाडल्याचा, पण जर्मनांच्या स्वतःच्या नोंदी बघितल्या तर आकडा तिशीच्या आसपासच येतो.

म्हणून ही पोरं खोटं बोलत होती असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. एका विमानात दहा जण, विमानं एकमेकांना चिकटून उडतायत, समोरून फायटर आलं की चार-पाच विमानांतले गनर एकदमच त्याच्यावर फायर करणार, ते धूर सोडत खाली सूर मारून गेलं की प्रत्येकाला वाटणार आपणच पाडलं, आणि खरं तर तो पायलट फक्त निसटलेला असायचा! खाली उतरल्यावर लगेच चौकशी व्हायची, पण ढगाखाली काय झालं ते कोण सांगणार?

त्यामुळे ज्यांना यावर काम करायचंय त्यांनी दोन्ही बाजूंचे कागद समोरासमोर ठेवावेत, तारीख, वेळ, जागा जुळवून. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बेपत्ता क्रूचे रिपोर्ट आहेत, त्यात प्रत्येकाचं नाव सापडतं. तुम्हीही दाव्याचा आकडा छापताना "दावा" हा शब्द नक्की टाका, प्लीज.

- एक वाचक, सातारा