बाबांच्या हृदयाच्या झडपेबद्दल

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर बाबांनी नवी झडप कोणती बसवायची हा विषय एका वाक्यात मिटवला: "मेकॅनिकलच घालू, आयुष्यभर चालते, पुन्हा चिरफाड नको." बाबा, टिकण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. तिच्या पायरोलिटिक कार्बनच्या, म्हणजे खूप टणक कार्बनच्या, दोन पाकळ्या दिवसाला लाखभर वेळा उघडमीट करूनही सहसा झिजत नाहीत. पण तिच्याबरोबर गोळीही आयुष्यभराची येते. तुमच्या वाक्यात ती कुठेच नव्हती, म्हणून हे पत्र.

कार्बनवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती झडपेत अडकते, नाहीतर सुटून मेंदूकडे जाते. म्हणून वॉरफरिन, रक्त सहज गोठू न देणारी गोळी. ही गोळी बीपीच्या गोळीसारखी नाही, की रोजची एक घेतली आणि विसरलो. एओर्टिक, म्हणजे हृदयातून मुख्य धमनीत रक्त सोडणाऱ्या झडपेसाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवावा लागतो. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. एखादं अँटिबायोटिक घेतलं, एकदम पालेभाज्या वाढवल्या, की आकडा हलतो. मग पुन्हा रक्त द्या, पुन्हा डोस बदला. सारखी तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत. त्यातलीच अपिक्साबॅन देऊन पाहिली होती, पण गुठळ्या जास्त होऊ लागल्या म्हणून ती चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावर थांबवली.

आता रागावू नका. मागे आले तेव्हा तुमचा गोळ्यांचा डबा उघडून पाहिला. शनिवार होता, आणि मंगळवार, शुक्रवारचे कप्पे भरलेले. शिवाय गुडघा ठणकला की कुणाला न विचारता पेनकिलर. वॉरफरिन चालू असताना तीच पेनकिलर पोटात रक्तस्राव करू शकते. म्हणजे ही गोळी शेवटी आईच सांभाळणार, हे आपल्या तिघांनाही माहीत आहे.

आणि आई, टिकटिकीने झोप लागत नाही म्हणून बेडरूममधलं घड्याळ तू बाहेर नेऊन लावलंस ना? या झडपेची बारीक टकटक शांत रात्री शेजारच्यालाही ऐकू येऊ शकते. बहुतेकांना सवय होते म्हणतात. तुझं मला सांगता येत नाही.

दुसरा पर्याय टिश्यू व्हॉल्व्ह. ती गाईच्या हृदयाच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून करतात. "शरीराने नाकारली तर?" असं तू विचारलंस. ग्लुटराल्डिहाइड या रसायनात प्रक्रिया केल्यावर त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, त्यामुळे किडनी बदलल्यावर लागतात तशी औषधं लागत नाहीत. सुरुवातीचे काही महिने कदाचित रक्त पातळ करणारं औषध, पुढे बहुतेकांना नुसती अ‍ॅस्पिरिन. बाबांचे ठोके अनियमित असते तर गोष्ट वेगळी होती, तशी गोळी तेव्हाही लागलीच असती.

हिची खोट एकच, पण मोठी. ही झिजते. साधारण १० ते १५ वर्षं धरा. तरुण माणसात लवकर खराब होते, वय झालेल्यात जास्त टिकते. म्हणून पन्नाशीच्या आत शक्यतो मेकॅनिकल सुचवतात आणि पासष्टीनंतर टिश्यू. बाबा ६४ चे. अगदी उंबरठ्यावर, म्हणून डॉक्टरांनी निर्णय आपल्यावर सोडला.

माझं मत टिश्यूकडे आहे. बाबा पन्नाशीचे असते तर मी उलट भांडले असते. ती खराब झाली तर पुन्हा छाती उघडावीच लागेल असं नाही. मांडीच्या धमनीतून नळी सरकवून जुन्या झडपेतच नवी बसवता येते. पण पहिली फार लहान असेल तर आत दुसरीला जागा पुरत नाही. त्यामुळे गुरुवारी सर्जनना एवढं नक्की विचारा: "किती नंबरची बसेल, आणि पुढे तिच्या आत दुसरी मावेल का?" आई, हे तूच विचार. बाबा हवापाण्याच्या गप्पा मारून परत येतील.

तरीही बाबांना मेकॅनिकलच हवी असेल, तर मी वाद घालणार नाही. फक्त रोजची गोळी स्वतः घ्यायची, आईने हातावर ठेवायची नाही.

आणि ती हलणारी दाढ. दातांतले जंतू रक्तात उतरून नव्या झडपेवर बसू शकतात, मग ती कुठलीही असो. ऑपरेशनच्या आधी दात दाखवायचेच आहेत. तुम्ही टाळणार हे माहीत होतं, म्हणून बुधवारी सकाळी ११ ची वेळ मी घेऊन ठेवली आहे.

तुमची,
चिमी