चक्कर, डोकेदुखी आणि स्कॅनची निवड

संपादक महोदय,

कारण न कळलेल्या चक्कर-डोकेदुखीसाठी नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत येणारे अनेक रुग्ण स्वस्त पडतो म्हणून आधी सीटी स्कॅन करून घेतात. अचानक उठलेल्या असह्य डोकेदुखीत रक्तस्राव शोधायला सीटी योग्यच आहे. परंतु लहान मेंदू व मेंदूस्तंभ जाड हाडांनी वेढलेले असल्याने तेथील पक्षाघात (रक्तपुरवठा अडल्याने मेंदूला होणारी इजा) सीटीत बहुधा निसटतो, आणि एमआरआयमध्ये, पहिल्या ४८ तासांत तोही कधी कधी चुकत असला तरी, अधिक स्पष्ट दिसतो. केवळ कुशीवर वळताच काही क्षण गरगरत असेल, तर डिक्स-हॉलपाइक ही तपासणीच्या खाटेवरची साधी चाचणी बहुतेकदा पुरते. डॉक्टरांनी नेमकी शंका काय आणि हाच स्कॅन का, हे रुग्णाला मराठीत सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर