न वाजवता गिटार घ्यायची, तर...

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचे फोन सुरू होतात : ‘सर, मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवीय, पंधरा हजारांत कुठली घेऊ?’ मी मिरजेत गिटार शिकवतो. सतार-तंबोऱ्यासाठी देशभरातले कलावंत या गावात येतात, कारागिरापुढे बसून नाद ऐकतात आणि मगच वाद्य पसंत करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच गावातल्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार मात्र मोबाइलवरच्या फोटोवरून घ्यावी लागते. दुकानात विचारलं तर ‘मागवून देतो, पण परत घेणार नाही’ असं उत्तर मिळतं. पुण्या-मुंबईला जाऊन चार गिटारी वाजवून बघणं प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून हे पत्र.

न वाजवताही चांगली गिटार निवडता येते, पण त्यासाठी रंग आणि आकार सोडून आकडे वाचावे लागतात. पहिला आकडा स्केलचा, म्हणजे नटपासून (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) तारेच्या वाजणाऱ्या भागाच्या लांबीचा. फेंडर कंपनीच्या धाटणीच्या गिटारींत ती साडेपंचवीस इंच (६४८ मिमी) असते, गिब्सनच्या धाटणीत सुमारे पावणेपंचवीस. फरक पाऊण इंचाचाच, पण कमी लांबीवर तार सैल लागते आणि फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, थोडे जवळ येतात. लहान हाताच्या मुलाला हे जाणवतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी पावणेतेवीस इंची छोट्या गिटारीही मिळतात.

दुसरी गोष्ट ब्रिज. मुलांना दांडी दाबून सूर हलवणारा, दोन्हीकडे तारा कुलूपबंद करणारा फ्लॉइड रोझ ब्रिज हवा असतो. पहिल्या गिटारीला तो कृपया घेऊ नका. एक तार तुटली की बाकीच्या पाचही तारांचा सूर बिघडतो. सगळं जुळवून आणता आणता मुलाचा अख्खा रियाझाचा वेळ जातो. फेंडरच्या टेलिकास्टर मॉडेलसारखा पक्का, न हलणारा ब्रिज सगळ्यांत बिनघोर. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर घाटाची, हलत्या ब्रिजची गिटारच हवी असेल, तर मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवून घ्या. सूर टिकतो.

पिकअपबद्दल (तारेची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल) थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. सिंगल कॉइल पिकअप विजेची ५० हर्ट्झची घरघर ओढून घेतो. जुनं वायरिंग आणि जवळ चालू असलेला इन्व्हर्टर असेल तर ती आणखी वाढते. हंबकर या प्रकारच्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेले असतात, त्यामुळे घरघर आपसांत विरते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली नेमकं याचसाठी तो घडवला. म्हणून ब्रिजपाशी निदान एक हंबकर असलेली गिटार घ्या. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो : गिटारच्या तारा ब्रिज आणि केबलमार्फत अँपच्या (आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नसेल तर शॉक बसू शकतो. गिटार घरी येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मॉडेलचा क्रमांक अक्षर न अक्षर तपासा. यामाहाच्या पॅसिफिका ०१२ आणि ११२व्ही फोटोत बहिणी वाटतात. पहिलीत सिरॅमिक चुंबकाचे पिकअप, दुसरीत अल्डर लाकडाची बॉडी आणि अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे पिकअप. व्हिडिओत एक मॉडेल ऐकायचं आणि घरी दुसरंच यायचं, असं सहज होतं. शिवाय त्या व्हिडिओतला आवाज महागड्या अँपचा आणि मुरलेल्या हातांचा असतो, हेही लक्षात असू द्या.

सगळे पंधरा हजार गिटारीवर घालू नका. दोनेक हजार तारा आणि सेटअपसाठी (जाणकाराकडून जुळवून घेण्यासाठी), थोडे छोट्या अँपसाठी राखून ठेवा. सतारीची जवारी (घोडीचा माथा घासून आणलेला नाद) जशी जाणकार हाताने काढावी लागते, तशीच स्वस्त गिटारीची ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जुळवून घ्यावी लागते. बाराव्या फ्रेटवर तारा दोन मिमीच्या आसपास आल्या, तर त्याच गिटारीवर मूल तासभर वाजवतं. चार मिमीवर असल्या तर बोटं दुखून आठवड्यात सोडून देतं.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्शून येणारा स्वर) आणि तिथेच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर जुळतो का बघा. नेकच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचतात का ते कळेल. नॉब आणि स्विच खरखरतात का ऐका. नव्या तारा सुरुवातीला उतरतातच, तेवढ्यावरून गिटार परत करू नका. पण नेक पिळलेली असेल किंवा वर्णनातलं मॉडेलच नसेल, तर थांबू नका. ई-वाणिज्याच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ‘आवाज आवडला नाही’ हे कारण मात्र या नियमात बसत नाही, म्हणून परताव्याची मुदत आणि अट पैसे भरण्याआधीच वाचा.

आमच्या भागातल्या वाद्यविक्रेत्यांना एक विनंती. दुकानात दोनच इलेक्ट्रिक गिटारी ठेवा, एक साडेपंचवीस इंची आणि एक पावणेपंचवीस इंची. त्या विकू नका, मुलांना हातात घेऊन बसू द्या. हाताला कुठली बसते एवढं कळलं, की उरलेलं घरबसल्या ठरवता येईल, आणि बहुतेक मुलं ती तुमच्याकडूनच मागवतील.

आपला,
एक गिटार शिक्षक, मिरज