मिस्त्रीकाका, तुमच्या ‘थांबा’साठी आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही उभ्या केलेल्या भिंतींचे आभार नंतर. आधी तुम्ही जी कामं करू दिली नाहीत, त्यांचे. भिंतीला सिमेंट फासणं, वाकलेली तुळई एका दिवसात सरळ करणं, जुना रंग कोरडाच घासणं, सगळ्या खोल्या एकदम उकलणं. दर वेळी तुमचा एकच शब्द: ‘थांबा’. पत्र उघडं लिहितोय, कारण पडायला आलेल्या जुन्या घरात राहतच ते सावरायला निघालेली माणसं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या दारात मिस्त्रीकाका उभे नसतात.

भिंतीला ओल दिसली की हात थापीकडे जातो. तुम्ही तो छपराकडे वळवलात. भर पावसात विजेरी घेऊन घराभोवती फिरा, म्हणालात. पन्हळ कुठे तुंबून वाहते, खाली येणारा पाइप कुठल्या सांध्यात गळतो, जोत्यावर शिंतोडे किती उंच उडतात, हे उन्हात कळत नाही. राहत्या घराचा हा मोठा फायदा: चारही ऋतूंत भिंत कशी वागते ते रोज डोळ्यांसमोर असतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५ ते २० सेंटिमीटर खाली हवी आणि घरापासून पहिल्या तीन मीटरमध्ये तिला साधारण १५ सेंटिमीटर उतार हवा. वर्षानुवर्षं भर पडून ती वर येते आणि पाणी भिंतीकडे वळतं. मग गिलावा कितीही भारी असो, तो फुगणारच.

ओल भिंतीतली की खोलीतल्या हवेतली, हे ओळखायची तुमची युक्ती आम्ही आता सगळ्यांना सांगतो. हातभर ॲल्युमिनियमची फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्की बंद करायची आणि दोन दिवस तिला हात लावायचा नाही. आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर ती घरातलीच वाफ गार भिंतीवर बसतेय. मग खिडक्या उघडायच्या, भिंत फोडायची नाही. दोन पिनांच्या ओलमापक यंत्रावर मात्र भिंतीच्या बाबतीत फार विसंबू नये. लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे आकडा उगाच चढा दिसतो आणि त्या आकड्यावर महागडा उपाय गळ्यात पडतो.

सिमेंटचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत: भिंतीपेक्षा मसाला, म्हणजे विटा जोडायचा आणि गिलाव्याचा लगदा, मऊ हवा. पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंट जोसेफ ॲस्पडिनने घेतलं १८२४ साली. त्याआधीची घरं चुन्यात किंवा मातीत बांधलेली. अशी भिंत ओल शोषते आणि सोडते, थोडी हलते आणि सावरते. वरून सिमेंटचा घट्ट थर दिला की पाण्याचा बाहेर यायचा रस्ता बंद होतो, क्षार थराच्या मागे साचून स्फटिक होतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. दरजांचं, म्हणजे विटांमधल्या सांध्यांचंही तेच. कडक मसाला जागचा हलत नाही, मग झीज विटेच्या वाट्याला येते. म्हणून दरजा छिन्नी-हातोडीने, रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरायच्या. कटिंग मशीनने नाही, कारण पातं एकदा घसरलं की विटेची कड परत येत नाही.

आता चुना. चुनकळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, पाण्यात टाकायची, पाणी चुनकळीवर ओतायचं नाही. वरून थोडं पाणी पडलं तर तेवढीच जागा भडकते आणि उकळता चुना अंगावर उडतो. पाणी चुनकळीच्या सुमारे तिप्पट मापाचं, भांडं लोखंडी. प्लास्टिकचं त्या उष्णतेत टिकत नाही. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. डोळ्यात गेलाच तर वीस मिनिटं पाण्याने धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे निघायचं. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळणं अनेकजण टाळतात. मग न विरलेले कण गिलाव्यात राहतात, महिन्यांनी ओल लागून फुगतात आणि भिंतीवर बोराएवढे खड्डे पडतात. दोष कारागिराच्या हातावर येतो, चूक चाळणीची असते.

प्रमाणासाठी तुम्ही वाळू मोजायला लावलीत, ते फारच पटलं. एक लिटर कोरड्या वाळूत ती काठोकाठ भिजेपर्यंत पाणी ओतायचं. ३३० मिलिलिटरच्या आसपास मावलं तर लोण्यासारखा मुरलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग. ४०० मावलं तर दोनास पाच. वाळूच्या कणांमधली पोकळी भरेल एवढाच चुना हवा. जास्त झाला तर आकसून तडे, कमी झाला तर गिलावा बोटाने झडतो. वाळू धुतलेली, खरखरीत, बारीक-जाड मिसळ असलेली. एकसारखी बारीक वाळू हाताला गोड लागते आणि हमखास तडकते.

भिंत आदल्या दिवशी आणि कामाआधी भिजवायची, नाहीतर ती पहिल्याच थरातलं पाणी पिऊन टाकते. गिलाव्याचा एक थर ८ ते १० मिलिमीटर, शेवटचा वरचा थर दोन-तीन मिलिमीटर. अंगठा दाबून खळगा पडत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, तेव्हा पुढचा थर. ओली तरटं टांगून निदान आठवडाभर दमट ठेवायचं. केसासारखे तडे दिसले तर थर अर्धवट घट्ट असतानाच लाकडी थापीने परत दाबून घ्यायचे. चुना वाळला म्हणजे पिकला असं नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडक होतो आणि त्या वाटेला ओलावा लागतो. खरं काय झालंय ते बघायचं तर कोपऱ्यातला छोटा तुकडा मोडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं तिथे चुना अजून कच्चा.

तुळयांचं काम बघून धडकी भरते, म्हणून तिथे लोक घाई करतात. तुम्ही आधी तपासायला बसवलंत. तुळई कुजते ती बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाशी. अणकुचीदार स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायचं. मऊ घुसला की तिथून चांगलं लाकूड लागेपर्यंत खूण. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून गळती बंद केल्याशिवाय नवं टोक जोडणं म्हणजे बुरशीला नवं जेवण. कुजका भाग कापून लांब तिरका सांधा, लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट, बोल्ट स्टेनलेसचे. भार मोठा असेल तर हा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्यायचा, हेही तुम्हीच बजावलंत. भिंतीतल्या टोकाभोवती बोटभर हवा खेळती ठेवायची.

धिरे, म्हणजे तुळईला खालून द्यायचे टेकू, लावताना खालच्या मजल्याच्या फळ्यांवर भार सोडायचा नाही. धिऱ्याखाली धिरा, थेट पक्क्या जमिनीपर्यंत, तळाशी जाड लाकडी पाट. जॅकने तुळई उचलायची ती दिवसाला एक-दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. आणि पूर्ण सरळ करण्याचा हट्ट नको: चौकटी, भिंती, वरचं छप्पर सगळं त्या वाकाशी जुळून बसलेलं असतं. तुळई सरळ आणि तीन दारं अडकलेली, असला सौदा कशाला?

राहत्या घरात काम म्हणजे धुळीशी संसार. एक खोली, एक नळ आणि एक संडास कायम चालू आणि स्वच्छ. बाकी काम वरून खाली: छप्पर, पन्हळी, सांगाडा, मग वायरिंग आणि नळ, नंतर गिलावा, शेवटी जमीन आणि रंग. कामाच्या खोलीच्या दारावर प्लास्टिकचा पडदा आणि खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा, म्हणजे धूळ घरात न शिरता बाहेर ओढली जाते. कामाच्या विजेच्या अवजारांना ३० मिलिअँपिअर वीज गळाली की आपोआप तुटणारा सुरक्षा स्विच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून चाचणी होईपर्यंत ते आहे असंच धरायचं: पाणी मारून खरवडायचं, पॉलिश पेपर कोरडा चालवायचा नाही, झाडू नाही, बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम. लहान मुलं आणि गरोदर बाई असतील तर त्या दिवसांत त्यांचा मुक्काम दुसरीकडे.

नक्षीचा गळालेला तुकडा अंदाजाने नव्याने कोरायचा का, यावरून आपल्यात वाद झाला होता, तोही तुमच्या बाजूने सुटला. जुन्या वास्तू जपण्याबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत लिहिलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तुम्ही सनद वाचलेली नाही, पण ‘दिसत नाही ते कोरू नका’ हे तिचंच मराठी. ती जागा साधी ठेवली आहे. नव्या लाकडाच्या मागच्या बाजूला वर्ष कोरलंय, म्हणजे पुढचा सुतार फसणार नाही.

उत्तरेकडची भिंत अजून वाळतेय. महिन्याला अडीच सेंटिमीटर हा तुमचा ढोबळ हिशेब धरला, तर ४५ सेंटिमीटरची भिंत दोन्ही अंगांनी वाळायला नऊ महिने, सहा झालेत. तिला रंगाची घाई केलेली नाही. वेळ आली की दुधाइतकी पातळ चुन्याची सफेदी, भिंत ओलवून, दिवसाआड एक असे पाच हात. पहिला हात लावताना काहीच दिसत नाही म्हणून घट्ट करायचा मोह होतो; पांढरेपणा वाळताना येतो आणि घट्ट सफेदी पुढे कपड्यांना लागते, हे लक्षात आहे. तोवर टाकीतल्या उरलेल्या चुन्यावर चार बोटं पाणी राहील, एवढं रोज बघतोय.

आपली,
घरातली सगळी मंडळी