आजोबांचा लांब ट्रॉम्बोन नेमका कोणता

लंडन, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो मिळाले आणि सोबतचा निरोपही ऐकला. दुरुस्तीवाल्याने आजोबांचा तो पितळी ट्रॉम्बोन सदोष ठरवला आहे, नळी कापून तो नेहमीच्या मापाचा करून देतो असे तो म्हणतो, आणि भोंग्याला बफ मारून नव्यासारखी चकाकीही आणणार आहे. तुम्ही माझे मत विचारलेत म्हणून आधी तेच सांगते: कृपा करून दोन्हींपैकी काहीही करू देऊ नका. आपले वाद्य सदोष नाही, ते वेगळ्या जातीचे आहे, आणि त्याचा इतिहास शोधायचा तर तो त्या नळीच्या लांबीत आणि भोंग्यावरच्या पुसट अक्षरांतच सापडणार आहे.

बँडमध्ये सर्रास दिसतो तो टेनर ट्रॉम्बोन. त्याची स्लाईड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, पूर्ण आत असताना तो हार्मोनियमच्या काळी पाचचा असतो आणि नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरते. आपला पांढरी पाचचा, म्हणजे तीन अर्धस्वर खालचा, जवळजवळ अकरा फुटी बास ट्रॉम्बोन आहे. इतकी लांब स्लाईड शेवटच्या सातव्या जागेपर्यंत न्यायची तर माणसाचा हात पुरत नाही, म्हणून स्लाईडच्या आडपट्टीला बिजागरीवर फिरणारा दांडा आणि मूठ बसवत. चंदूकाका ज्याला कुणीतरी मागून जोडलेले लचांड म्हणतात, तो दांडा मुळातलाच आहे.

हा प्रकार प्रामुख्याने ब्रिटनचा. जर्मनीत लाइपझिगच्या ख्रिश्चन फ्रिडरिश साटलर याने १८३९ मध्ये टेनरलाच अंगठ्याने चालणारा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा जादा नळीत वळवणारी झडप, बसवून खालचे स्वर मिळवले, आणि पुढे अमेरिकेत त्याच वाटेने ०.५६२ इंची नळीचा, साडेनऊ इंची किंवा त्याहून रुंद भोंग्याचा बास ट्रॉम्बोन रूढ झाला. इंग्रज मात्र अर्ध्या इंचाहूनही किंचित अरुंद नळीच्या या लांब वाद्याला चिकटून राहिले. इथल्या वाद्यवृंदांनी ते १९५० च्या दशकात सोडायला सुरुवात केली, आणि ब्रास बँडमध्ये तर ते त्यानंतरही बरीच वर्षे वाजत होते. त्याचा आवाज गोलाईचा नाही, चिरत जाणारा आहे. मला विचाराल तर वरातीच्या गोंगाटात तोच अधिक उपयोगी पडला असणार.

इथवरचे वाद्य दुर्मीळ म्हणता येणार नाही. आपल्या वाद्याला दुर्मीळ करतो तो मानेमागचा व्हॉल्व्ह. साध्या पांढरी पाचच्या ट्रॉम्बोनवर सातव्या जागेला काळी एक लागते आणि त्याखाली मोठी पोकळी राहते. ती भरून काढण्यासाठी काही वाद्यांना असा व्हॉल्व्ह बसवत, की अंगठ्याने कळ दाबताच सारे वाद्य पांढरी दोनवर उतरावे. लग्नाच्या बँडला त्या स्वरांची गरज नसते, साध्या कवायतीलाही नसते. त्यामुळे हे वाद्य मूळ मागवणारा माणूस लिहिलेले संगीत वाजवणारा आणि चोखंदळ होता, असे मी धरून चालते. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती कळ आणि व्हॉल्व्ह यांना जोडणारा दोरा स्पष्ट दिसतो. मूळ दोरा केव्हाच तुटला असेल; आता तिथे संक्रांतीच्या पतंगाची सद्दी आहे, आणि गाठ मात्र इतकी नेटकी की ती आजोबांचीच असावी.

भोंग्यावर बूझी अँड कंपनी आणि २९५ रीजंट स्ट्रीट एवढे वाचता येते. ही कंपनी त्या पत्त्यावर १८७४ मध्ये आली आणि १९३० मध्ये हॉक्स अँड सन या कंपनीत मिसळून बूझी अँड हॉक्स झाली. म्हणजे आपले वाद्य या दोन सालांच्या मधले. नेमके साल हवे असेल तर वाद्यावर कोरलेल्या क्रमांकाशिवाय गत्यंतर नाही. बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह २००४ मध्ये इथल्या हॉर्निमन संग्रहालयात आला आणि कारखान्याच्या जुन्या नोंदवह्याही तिथेच आहेत. क्रमांक जुळला की वाद्याचा प्रकार आणि तारीख कळू शकते.

दुसरा पुरावा स्वराचा. जुन्या इंग्रजी बँडची पट्टी आजच्यापेक्षा चढी होती. आज पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांची धरतात, तेव्हा ती ४५२ च्या वर होती, म्हणजे फरक जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा. लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीस खालच्या पट्टीवर आले. नागरी ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत चढ्याच पट्टीत राहिले. आजोबा सांगत की हा ट्रॉम्बोन देवळाली कॅम्पच्या लष्करी लिलावात घेतला. पट्टी बदलल्यावर लष्कराला अशी वाद्ये निकामी झाली, म्हणून मला ती गोष्ट पटते, आणि हार्मोनियमशी त्याचे कधीच का जमले नाही तेही उलगडते. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध वाजणारे वाद्य कुणाशी जमवून घेणार?

म्हणून आता एवढे करा. सुधीरला स्लाईड पूर्ण आत ठेवून एक लांब स्वर वाजवायला सांगा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरचा फोटो पाठवा. मागच्या वळणाच्या नळीवर नंतर तुकडा जोडून झाळल्याची गोल खूण आहे का तेही पाहा, कारण पट्टी उतरवण्यासाठी अशी जोड सर्रास देत. भोंगा आणि स्लाईड जिथे एकमेकांत बसतात तिथला क्रमांक दोन्ही तुकड्यांवर शोधा. वेगवेगळ्या वाद्यांचे तुकडे पुढे एकत्र आलेले असतात, आणि तसे असेल तर वहीतली नोंद अर्ध्याच वाद्याची ठरेल. अक्षरांवर पितांबरी किंवा चिंच लावू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि उजेड तिरपा पडेल असा धरून फोटो काढा. स्लाईड अडखळत असेल तर तांबट गल्लीत ठोकायला देऊ नये. तिच्या आतल्या नळ्या फार पातळ असतात.

दुरुस्तीवाल्याला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती गेली असे समजा, पण वाद्य आजच घरी आणा. तीर्थरूप काकूंना नमस्कार.

तुमची,
वैशाली