डोळ्याला मार लागला की बुधवारची वाट बघायची का?

संपादक साहेब, नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातला आंबा बागायतदार. दिवाळीआधी बागेत बेणणी चालू होती, माझा चुलतभाऊ ग्रास कटर चालवत होता आणि गवतात दडलेल्या चिऱ्यावर पातं खाडकन आपटलं तसा तो डोळा धरून खालीच बसला. मी बघितलं तर रक्त नाही काही नाही, बुबुळाच्या कडेला तिळाएवढा लाल ठिपका फक्त. "काय नाय रे, कचरा गेला असंल" म्हणाला, पाणी मारलं आणि राहिलेल्या चार कलमांखालचं गवत पण कापून घेतलं पठ्ठ्याने.

संध्याकाळी ठणकायला लागलं म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं, नेमका रविवार. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ड्रॉप लिहून दिले आणि डोळ्याचे डॉक्टर बुधवारी येतात, तेव्हा या म्हणाले. मी त्यांना नावं ठेवत नाही, एकटा माणूस आणि बाहेर बाकावर रांग. पण लागलं तेव्हा तू नक्की काय करत होतास, एवढं एक विचारलं असतं ना! लोखंड दगडावर आपटलं की बारीक कण उडून थेट डोळ्याच्या आत शिरू शकतो, बाहेरून जखम दिसत पण नाही आणि पहिल्या दिवशी नजर पण ठीक असू शकते, हे आम्हाला कळलं मंगळवारी कोल्हापूरला. तोवर आत पू झालेला, सीटी स्कॅनवर तो कण पांढरा चमकत होता. ऑपरेशन झालं, डोळा राहिला पण नजर गेली. समोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढंच कळतं त्याला.

आता त्या बाकावरच्या रांगेचं सांगतो. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती तेव्हा तर उभं राहायला जागा नव्हती. साधे डोळे आले, चिकटा येतोय, खाज आहे, पण नीट दिसतंय आणि फार दुखत नाही, तर हात धुवून, टॉवेल वेगळा ठेवून सकाळच्या ओपीडीला गेलं तरी चालतं. उलट ज्यांनी रात्रीच निघायला हवं ते घरी झोपतात. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, डोळ्यापुढे विजा चमकून पडदा सरकल्यासारखं झालं, डोळा लाल होऊन डोकं फुटतंय, उलट्या होतायत आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय (हे पित्त समजून सोडा पाजणारे आमच्याच वाडीत आहेत), यातलं काही असेल तर उजाडायची वाट बघू नका. आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या डोळ्यात फुटली किंवा फवारणीचं औषध उडालं तर गाडी शोधायच्या आधी नळाखाली धरा, वीस मिनिटं तरी, पापणी उघडी ठेवून. पण काही घुसलं असेल तर धुवू नका, चोळू नका, काढू तर अजिबात नका, वर कागदी कप उलटा चिकटवून निघा. भात कापताना डोळ्याला भाताची पात लागली तर मेडिकलमधून नुसतं ड्रॉप द्या म्हणून मागू नका, अशा जखमेत बुरशी धरू शकते आणि ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असलं तर ती आणखी वाढते.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक तालुक्याला नेत्रतज्ञ लगेच मिळणार नाही हे कळतं मला. पण रात्रीच्या ड्युटीच्या डॉक्टरला जिल्ह्यातल्या एका तरी नेत्रतज्ञाला फोन लावता यावा, मोबाईलवर डोळ्याचा फोटो पाठवता यावा आणि पाठवायचंच ठरलं तर 108 लगेच मिळावी. वर सांगितलं ते सगळं मराठीत एका बोर्डावर कॅज्युअल्टीच्या दारात लावा, रंगाचे पैसे मी देतो.

भावाचा ग्रास कटर आता मी चालवतो. मशीनबरोबर आलेला गॉगल तेव्हा खोक्यातच होता, प्लास्टिकची पिशवी पण फाडली नव्हती.

– एक बागायतदार, राजापूर